आचारी की आचार्य?

पीएचपीत नको ती अक्षरं उडवायची म्हटलं की सगळ्यांचा हात आधी स्ट्र_रिप्लेसकडे जातो. काम चोख करतं बिचारं. पण मराठीत ‘नको ते’ ठरवणार कोण?

‘आचाऱ्यांना’ लिहिताना बरेच जण र, हलन्त आणि न दिसणारा झीरो-विड्थ जॉइनर वापरतात. तो कचरा समजून काढलात, की झालं ‘आचार्यांना’! स्वयंपाक्याचे एकदम गुरुजी (पगार तोच). आधी त्या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त घाला, मग खुशाल झाडू फिरवा.

आरट्रिमची तऱ्हा आणखी वेगळी. ते अक्षर नाही, बाइट बघतं. जॉइनरचे बाइट ई२, ८०, ८डी; आणि दीर्घ वेलांटीचा शेवटचा बाइटही ८०. म्हणजे नेमका ‘मराठी’ हाच शब्द शेपटीला तुटतो! २०२४ साली पीएचपी ८.४ मध्ये एमबी_ट्रिम आलं, तेव्हा कुठे सुटका झाली.