३२ अंशांचं स्वयंपाकघर

केकच्या बहुतेक कृतींमधली पहिली सूचना एकच असते: बटर खोलीच्या तापमानाला आणून घ्या. या कृती ज्या देशांत लिहिल्या गेल्या, तिथली खोली १८ ते २० अंशांची असते. डोंबिवलीत एप्रिलच्या दुपारी माझ्या ओट्याजवळचा पारा ३२-३३ वर असतो, आणि बटरमधला स्निग्धांश ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान पुरता वितळतो. फेटायला घेतलेलं बटर इथे बघता बघता तेलकट होतं, साखर खाली बसते आणि बीटर कितीही वेळ फिरवला तरी मिश्रण पांढरं, हलकं होत नाही.

माझ्या मते केकचं सगळं कसब तापमान सांभाळण्यात आहे. साहित्याची यादी कुठेही मिळते, नक्षी सरावाने येते. आपल्या घरातली उष्णता मात्र आपली आपल्यालाच ओळखावी लागते. मी नोकरी करते, केक रविवारी करते, ऑर्डर घेत नाही. घरातले आणि सोसायटीतले वाढदिवस, कुणाची बढती, कुणाचा दहावीचा निकाल, एवढाच माझा पसारा. पण त्या पसाऱ्यात मला सगळ्यात जास्त आनंद कशाने मिळाला असेल, तर उष्णता कुठे मदत करते आणि कुठे आडवी येते हे कळत गेल्याने.

बेकिंग पावडर केक फुलवते असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं आहे. पावडर नवे बुडबुडे तयार करत नाही. फेटताना मिश्रणात जे बुडबुडे शिरले त्यांतच तिचा वायू भरतो आणि ते मोठे होतात. ते पहिले बुडबुडे येतात साखरेमुळे. दाण्यांच्या कडा बटरमधून फिरताना हवा ओढून नेतात, आणि बटर मऊ तरी घट्टसर असेल तर ती हवा तिथेच अडकते. पातळ झालेल्या बटरला हवा धरताच येत नाही. म्हणून उन्हाळ्यात मी बटर फ्रिजमधून थेट काढते, नखाएवढे तुकडे करते आणि पातेलं बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवून फेटते. बोट दाबल्यावर खळगा राहावा पण बोटाला तेल लागू नये, ही खूण. अंडीसुद्धा तेव्हा किंचित गारच घालते. जानेवारीच्या सकाळी मात्र पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं लागू पडतं, आणि वर्षातले माझे उत्तम बटर केक तेव्हाच होतात.

आईच्या पिढीने हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला होता. तिच्या केकमध्ये वनस्पती तूप असायचं. ते स्वस्त होतं हे खरंच, पण त्याचा वितळणबिंदू बटरपेक्षा वर असतो. त्यामुळे मे महिन्यातही ते फेटलं की पांढरं होऊन फुलून यायचं. चवीला त्याला बटरची सर नाही आणि मी ते घरात आणत नाही, तरी त्या बायकांच्या हाताला हवेचं गणित बरोबर सापडलं होतं असं मला मनापासून वाटतं. भाजायला कुकर: तळाशी वाळूचा थर, झाकणाची शिट्टी आणि रिंग काढलेली, गॅस बारीक. वाळू हळूहळू तापते आणि हळूहळूच निवते, त्यामुळे ज्योत थोडी कमीजास्त झाली तरी केकच्या भांड्याला ते जाणवत नाही. पुढे गोल अॅल्युमिनियमचा ओव्हन आला, झाकणात काचेची खिडकी असलेला. त्या खिडकीतून केक चढताना बघायला आम्ही भावंडं भांडायचो.

गोव्यातल्या बेबिंकमध्ये तर उष्णता वरून येते. नारळाचं दूध, अंड्यांचा पिवळा बलक, साखर, मैदा, जायफळ. एक पातळ थर ओतायचा, झाकणावर निखारे ठेवून भाजायचा, तूप सोडायचं, त्यावर पुढचा थर. सात थरांचं बेबिंक म्हणजे चुलीपुढे बसून राहण्याचं काम. नुसती खालून आच दिली असती तर तळचा थर वरच्या प्रत्येक थराबरोबर पुन्हा पुन्हा भाजला जाऊन करपला असता; वरून दिल्यामुळे प्रत्येक थराला त्याच्या वाट्याचीच उष्णता मिळते. २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मला घरच्या कुणाचा सत्कार झाल्यासारखा आनंद झाला. ओटीजीची फक्त वरची कॉइल चालू ठेवून मी ते घरी करते, आणि दर थराला दार उघडताना त्या निखाऱ्यांमागची अक्कल नव्याने पटते.

ओटीजीच्या बटणावर १८० लिहिलेलं असतं. आत १८० असतंच असं नाही. शेजारची कॉलेजातली मुलगी, "काकू, सुरुवातीला काय काय घेऊ?" असं विचारायला आली, तेव्हा क्रॉफर्ड मार्केटजवळच्या दुकानातल्या नोझलच्या सेटवर तिचा डोळा होता. मी तिला आधी ओव्हनच्या जाळीला अडकवायचा थर्मामीटर आणि ग्रॅममध्ये वजन दाखवणारा काटा घ्यायला लावला. आत काय चालतं हेही सांगितलं. आधी बटर वितळतं. मग वायू आणि वाफ बुडबुड्यांना फुगवतात, आणि त्यानंतर अंड्यातली प्रथिनं नि मैद्यातला स्टार्च घट्ट होऊन त्या फुगलेल्या आकाराला कायमचा आधार देतात. मध्यभाग ९५ ते ९८ अंशांपर्यंत गेला की केक झाला. आच जास्त असेल तर कडा आधी बसतात आणि मधलं मिश्रण वाट काढत वर येतं. म्हणून घुमट होतो आणि त्याला तडा जातो. चहाबरोबर कापायच्या केकला घुमट शोभतो. थर लावून सजवायच्या केकला माथा सपाट लागतो. त्यासाठी मी १६० अंशांवर जरा जास्त वेळ भाजते आणि टिनभोवती जुन्या सुती पातळाची ओली पट्टी गुंडाळते. पट्टीत पाणी आहे तोवर टिनची कड फार तापत नाही, आणि सगळा केक एका वेगाने चढतो.

आपल्या हवेत क्रीमचा केक फ्रिजबाहेर ठेवता येत नाही, आणि बटरचा स्पंज फ्रिजमध्ये आवळून घट्ट होतो. या पेचावरचा उपाय फार पूर्वी, अगदी दुसऱ्याच कारणासाठी, लॉस एंजेलिसमध्ये निघाला होता. हॅरी बेकर नावाच्या, मुळात विमा विकणाऱ्या माणसाने १९२७ मध्ये बटरऐवजी तेल आणि फेटलेला अंड्याचा पांढरा भाग वापरून शिफॉन केक केला. त्याने ती कृती वीस वर्षं कुणाला सांगितली नाही. १९४७ मध्ये ती जनरल मिल्स कंपनीने विकत घेतली आणि पुढच्या वर्षी ती सगळ्यांसाठी छापून आली. सूर्यफुलाचं तेल फ्रिजमध्येही पातळच राहतं, त्यामुळे हा स्पंज गार असतानाही मऊ लागतो. ठाणे, डोंबिवली, रत्नागिरी, कुठल्याही दमट गावात क्रीमच्या केकखाली मी हाच बेस सुचवीन. इथे उन्हाळा आपल्या बाजूने असतो, कारण थंड अंड्यापेक्षा कोमट अंडं लवकर फुलतं. जेनोईज नावाच्या स्पंजसाठी तर अंडी आणि साखर गरम पाण्यावर धरून ४० अंशांच्या आसपास आणतात. मे महिन्यात ते काम निम्मं आधीच झालेलं असतं.

अंड्याशिवायचा केक आमच्याकडे श्रावणात आणि सासूबाईंसाठी होतो: दही, खाण्याचा सोडा, थोडं कस्टर्ड. कस्टर्ड पावडर आणि बेकिंग पावडर, दोन्हींमागे बर्मिंगहॅमचा औषधविक्रेता आल्फ्रेड बर्ड आहे. पहिली १८३७ची, दुसरी १८४३ची. त्याच्या बायकोला अंडी आणि यीस्ट सोसत नव्हतं, म्हणून त्याने हा खटाटोप केला. हौशी माणसं केक करतात तो असाच कुणा एकासाठी करतात. दुकानाला शंभर जणांचा विचार करावा लागतो. मला फक्त एवढं माहीत असावं लागतं की सासूबाईंना गोड कमी हवं आणि धाकट्याला चेरी आवडत नाही.

सजावटीकडे वळलं की उष्णतेचा प्रश्न आणखी नाजूक होतो. दुधाचं क्रीम फेटून घट्ट व्हायला त्यात निदान ३० टक्के स्निग्धांश हवा, आणि ते १० अंशांच्या खाली असायला हवं. किराण्याच्या दुकानात मिळणारं २५ टक्क्यांचं फ्रेश क्रीम कितीही गार केलं तरी उभं राहत नाही. म्हणून आपल्याकडे बहुतेक जण वनस्पतिजन्य, नॉन-डेअरी क्रीम वापरतात. ते गोठलेलं मिळतं, थोडे बर्फाचे कण शिल्लक असतानाच फेटायचं असतं, आणि दुधाच्या क्रीमपेक्षा उन्हाळ्यात कितीतरी जास्त टिकतं. त्याची सोय मला मान्य आहे. पण ते खाल्ल्यावर टाळूला एक थर चिकटून राहतो, तो मला सहन होत नाही. तेव्हा मेमध्ये मी क्रीमचे डोंगर करतच नाही. दोन थरांमध्ये दुधाचं थोडं क्रीम आणि हापूसच्या फोडी, वर घट्ट गनाश. गनाशचं प्रमाणही ऋतूप्रमाणे बदलायचं: थंडीत डार्क चॉकलेट आणि क्रीम समसमान, उन्हाळ्यात चॉकलेट दुप्पट. बाहेरून तो केक साधा दिसतो आणि मला तो तसाच आवडतो. उन्हाळ्यात हापूस असताना साखरेच्या गुलाबांची गरज मला वाटत नाही.

पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा. साखर हवेतलं पाणी ओढते. फ्रिजमधून काढलेल्या फोंडंटला घाम फुटतो, मेरँग चिकट होतं, रॉयल आयसिंगची फुलं दिवसचे दिवस ओलसर राहतात. जोसेफ लॅम्बेथ यांच्या नावाने ओळखली जाणारी नक्षीची पद्धत मला अतिशय प्रिय आहे. एकावर एक रेघा चढवत झालरी, वेली, शंख उभे करायचे, आणि खालची रेघ वाळल्याशिवाय वरची द्यायची नाही. जुलैमध्ये तिला हात लावण्यात अर्थ नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की मी पायपिंग बॅग काढते. हाताची ऊबही क्रीमला पुरेशी असते. बॅगेत क्रीम थोडंच भरायचं, वरच्या मुठीने दाब द्यायचा आणि खालच्या हाताने नुसती दिशा दाखवायची, म्हणजे क्रीम तळहाताला फारसं लागत नाही. रांगोळीचा सराव असलेल्या बाईला हे चटकन जमतं, कारण चिमटीतून सुटणारी पूड आणि सरकणारा हात यांचा जो मेळ रांगोळीत लागतो, तोच इथे दाब आणि वेग यांच्यात लागतो. हात थांबला की ठिपका मोठा होतो, घाई झाली की रेघ तुटते.

साखरेच्या नाजूक कामाची आपली स्वतःची परंपरा मोठी आहे, आणि तीही हवामानावरच चालते. संक्रांतीचा हलवा करताना आजी परातीत खसखस किंवा तीळ घेऊन मंद शेगडीपुढे बसायची. चमच्याने जेमतेम पाक सोडायचा आणि बोटांनी दाणे सतत फिरवत राहायचं. पाक जास्त झाला की दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली की साखर पिवळी पडते. दिवसामागून दिवस हे चालायचं, तेव्हा कुठे दाण्याला काटा फुटायचा. थंडी कडक असेल तर काटा चांगला येतो हे सगळ्या जुन्या बायका सांगतात, कारण कोरड्या गार हवेत पाकाचा प्रत्येक हात लगेच सुकतो आणि पुढचा हात त्यावर उभा राहतो. लॅम्बेथच्या रेघांनाही हाच नियम आहे. मी दोन्ही गोष्टी हातांनी करून बघितल्या आणि त्या मला एकाच घरातल्या वाटल्या.

येत्या जानेवारीत भाचीच्या मुलाचं बोरन्हाण आहे. त्याच्या अंगावर हलव्याचे दागिने असतील, तेव्हा केकच्या कडेलाही घरच्या हलव्याची माळ घालायची असं ठरवलं आहे. केक बटरचाच, भाजून कुटलेले तीळ आणि गूळ घालून, कारण त्या दिवसांत हवा साथ देते. वर स्विस बटरक्रीम: अंड्याचा पांढरा भाग आणि साखर गरम पाण्यावर ७१ अंशांपर्यंत नेऊन फेटायची, ते पुरतं गार झालं की थोडं थोडं बटर घालायचं. हलवा फेटलेल्या क्रीमवर ठेवला की ओलाव्याने त्याचा काटा विरतो. बटरक्रीममध्ये पाणी कमी, आणि तेही स्निग्धांशात अडकलेलं, म्हणून तिथे काटा जास्त वेळ टिकायला हवा. तरी माळ आदल्या रात्री लावणार नाही, फ्रिजमधून काढलेल्या केकला दव सुटतं. केक दुपारी बाहेर काढून निवांत खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, आणि बोरं-चुरमुरे लुटायला मुलं जमली की चिमट्याने एकेक दाणा बसवायला घ्यायचा. किती वेळ काटा शाबूत राहतो हे बघायला डिसेंबरातच एक लहान केक करून ठेवणार आहे, असं मी भाचीला म्हटलं.

"मावशी," ती म्हणाली, "तो आमच्याकडेच पाठव. किती वेळ टिकला ते मी कळवते."