चौथा चेंडू

गॅरेजमधली जुनी खोकी उपसताना माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, मफलरात गुंडाळलेली रबराची पिवळी कोंबडी परवा हाती लागली, आणि उन्हाळ्यांनी चिकट झालेल्या त्या रबराचा उग्र दर्प नाकात शिरताच २००४ सालची सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठची ती बोचऱ्या वाऱ्याची संध्याकाळ डोळ्यांपुढे उभी राहिली.

साताऱ्याहून प्रथमच आलेल्या अण्णांना मी मोठ्या अभिमानाने जायंट्स संघाचा बेसबॉलपटू बॅरी बाँड्स याचा खेळ दाखवायला नेले होते. मुठीच्या इंचभर वर धरलेली मेपलची बॅट, ध्यानस्थासारखी निश्चल मान, आणि चेंडू अगदी जवळ येईतो राखून धरलेला तो आखूड, विद्युल्लतेसारखा फटका यांचे मी इतके वर्णन केले होते की अण्णा चष्मा पुसूनच बसले. परंतु ज्या दोन वेळा सामन्याचा निकाल त्याच्या बॅटीवर अवलंबून होता, त्या दोन्ही वेळा कॅचर उठून उभा राहिला आणि पिचरने ओळीने चार चेंडू त्याच्या आवाक्याबाहेर टाकले. चौथा चेंडू गेल्यावर बाँड्सने बॅट खाली ठेवली, कोपरावरचे चिलखत सोडवीत तो नियमानुसार न खेळताच मिळालेल्या पहिल्या बेसकडे चालू लागला, आणि प्रेक्षकांनी प्रतिपक्षाच्या भित्रेपणाची खूण म्हणून कठड्यावर आणखी एक रबरी कोंबडी टांगली.

“अरे, त्याला खेळू का देत नाहीत?” अण्णांनी विचारले.

त्या एका वर्षात त्याला २३२ वेळा असे चालत पाठविले गेले, त्यांपैकी १२० वेळा उघडउघड, ठरवून. १९९८ मध्ये तर तिन्ही बेस भरलेले असताना ॲरिझोनाच्या संघाने एक धाव पदरची दिली, पण त्याला चेंडू दिला नाही. याला डावपेच म्हणणाऱ्यांविषयी माझ्या मनात बसलेली अढी आजतागायत सुटलेली नाही. एका मोसमात ७३ आणि उभ्या कारकीर्दीत ७६२ होमरन ज्याच्या नावावर आहेत, त्याला ‘हॉल ऑफ फेम’च्या मतदार पत्रकारांनी दहा वर्षे दाराबाहेर तिष्ठत ठेवले आणि २०२२ मध्ये, पाऊणशे टक्क्यांची अट असताना, ६६ टक्क्यांवर त्याची फाईल बंद केली.

कारण सर्वविदित आहे. बर्लिंगेममधल्या बाल्को नामक प्रयोगशाळेच्या उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात, डिसेंबर २००३ मध्ये, त्याची ग्रँड ज्यूरीपुढे जबानी झाली. आपण जाणूनबुजून काही घेतले नाही, असे तो म्हणाला. त्याच्यावरचे आरोप खरे मानणाऱ्यांशी मी हुज्जत घालीत नाही. परंतु २०११ मध्ये त्या जबानीवरून चाललेल्या खटल्यात शपथेवर खोटे बोलल्याच्या कलमांवर ज्यूरीचे एकमत होऊ शकले नाही, आणि न्यायदानात अडथळा आणल्याचा जो एक दोष शाबीत झाला, तो ज्या उत्तरावरून, ते मी पुनःपुन्हा वाचले आहे. ट्रेनरने टोचून घेण्यासारखे काही दिले का, या प्रश्नावर तो भलतीकडेच वळून प्रसिद्ध बापाच्या घरात वाढलेल्या मुलाविषयी बोलू लागला. वडिलांच्या परिस्थितीमुळे आपण दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसत नाही, अशा आशयाचे काही म्हणाला. वडील बॉबी बाँड्स, तेही जायंट्सचेच खेळाडू, त्या जबानीपूर्वी चार महिन्यांच्या आतच वारले होते. २०१५ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तोही दोषनिर्णय रद्द केला.

माझ्या शालेय वयात अण्णा कचेरीत अव्वल कारकून होते, आणि एका पावसाळ्यात काही दस्तऐवज गहाळ झाल्यावरून त्यांना निलंबित करून त्यांच्यावर चौकशी बसली. आठ महिने ते रोज धोतर-कोट घालून दहाच्या ठोक्याला घराबाहेर पडत. कुठे जात, हे आईनेही विचारले नाही. पुढे ते रुजू झाले, यथाकाल निवृत्तही झाले, पण दप्तरात नेमके काय घडले होते हे मी त्यांना त्यांच्या अखेरपर्यंत विचारू शकलो नाही.

त्या संध्याकाळी सामन्यानंतर परतीच्या गाडीत मी त्यांना बाल्कोची हकिकत सांगितली. पुरावा काय, कोणी काय कबूल केले, यांपैकी काहीएक न विचारता ते बराच वेळ गप्प राहिले.

“चौकशी चालू आहे, तरी तो रोज मैदानावर येतो?”

“रोज येतो, अण्णा.”

त्यांनी मान हलविली, आणि डब्यात गारठा असूनही गळ्यातला मफलर काढून, शेजारच्या प्रेक्षकाने आठवण म्हणून दिलेली ती कोंबडी त्यात हलक्या हाताने गुंडाळली. परवा मी ती घडी होती तशीच घालून ठेवली.