भ्यालेल्या मुक्या जीवाला उसंत द्या

मुक्या जनावराला मार लागला तर जखम दिसते. भीती बसली तर ती कोणाला दिसत नाही. म्हणून कुत्रे अंगावर आले की आपण त्याला माजलेले म्हणतो, कोपऱ्यात दडले की भेकड म्हणतो, आणि दोन्ही वेळा हाती दगड घेतो. आमच्या बेडसे गावात या दगडाचा विचार करण्याची वेळ आमच्यावर आली. तो अनुभव वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कामशेत स्टेशनावर उतरून पवन मावळात शिरले की डोंगराच्या कुशीत बेडसे लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीची ही बौद्ध लेणी पाहायला चारशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या येतात. २०२२ च्या पावसाळ्यात पायऱ्यांच्या तळाशी एक तपकिरी कुत्री येऊन पडली. गळ्यावर दोरी काचल्याचा वण होता. म्हणजे कोणाच्या तरी दारची. कोणी सोडली ते कळले नाही. पोरे तिला भुरी म्हणू लागली. मोटारसायकलचा आवाज आला किंवा कोणाच्या हातात काठी दिसली की ती रस्त्याखालच्या मोरीत शिरे आणि दिवसभर बाहेर येत नसे. माणूस दूर गेल्याशिवाय भाकरीला तोंड लावीत नसे.

एके दिवशी वस्तीतला सात वर्षांचा मुलगा तिला ओढून काढायला मोरीत शिरला आणि तिने त्याच्या हाताला दात लावला. त्याच्या आईने जखम साबण लावून पंधरा मिनिटे नळाखाली धुतली, तडक सरकारी दवाखाना गाठला आणि पुढे इंजेक्शनांचा सगळा कोर्स पुरा केला. वाचकांनीही हेच करावे. हळद, चुना, मिरची जखमेवर चोळत बसू नये. रेबीज एकदा उलटला की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते.

संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर मंडळी जमली. "भाऊसाहेब, हिला पोत्यात घाला आन् घाटापल्याड सोडून या," एक वडीलधारे म्हणाले. मुलाच्या आईचा राग रास्तच होता. पण घाटापलीकडेही कोणाची तरी पोरे आहेत. अनोळखी जागी टाकलेले भ्यालेले कुत्रे आणखी भिते आणि आणखी चावते. आम्ही एवढेच मागितले की दहा दिवस तिला नजरेखाली ठेवू, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवू, लस देऊ आणि पोरांना मोरीजवळ फिरकू देणार नाही. वडीलधारे म्हणाले, "दिवाळीपोत बघा. नाय जमलं तर पोतं हायच. पन कुत्र्याला कसलं आलंय मन?"

या प्रश्नाचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्टेशनात अतिरेक्यांची एक गोळी एका भटक्या कुत्र्यालाही लागली. परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले आणि तो जगला. लोकांनी त्याचे नाव शेरू ठेवले. त्याच हल्ल्यात मॅक्स, टायगर, सुलतान आणि सीझर या मुंबई पोलिसांच्या कुत्र्यांनी बाँब हुडकण्याचे काम केले. निवृत्तीनंतर ती विरारच्या एका फार्मवर राहिली. २०१६ साली मॅक्स, सुलतान, टायगर एकामागून एक गेले. मागे राहिलेला सीझर उदास झाल्याच्या बातम्या तेव्हा वर्तमानपत्रांत आल्या होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात तोही गेला.

शास्त्रज्ञांनीही हे पाहिले आहे. १९२४ च्या सप्टेंबरात रशियातील लेनिनग्राड शहरात महापूर आला. पाव्हलॉव्ह या शास्त्रज्ञाची कुत्री पिंजऱ्यांत अडकली आणि पाणी वर चढत गेले. त्यांना कसेबसे वाचवले, पण त्यानंतर काही कुत्री शिकलेले सारे विसरली. ती हळूहळू सावरली. पुढे दाराखालून पाण्याची बारीक धार आत सोडली, तेव्हा सावरलेले कुत्रे पुन्हा थरथरू लागले. पूर ओसरला होता, पण त्या जिवाच्या लेखी तो ओसरला नव्हता.

अमेरिकेत सेलिगमन आणि मायर यांनी १९६७ च्या सुमारास निर्दय प्रयोग केले. ज्या कुत्र्यांना सुटकेचा मार्ग न ठेवता विजेचे झटके दिले, त्यांतली बरीच पुढे साधे बुटके कुंपण ओलांडून सुटता येत असतानाही जागीच पडून राहिली. त्यांना दोरीने पुन्हा पुन्हा पलीकडे न्यावे लागले, तेव्हा कुठे ती आपणहून उडी मारू लागली. २०१६ साली याच दोघांनी आपला जुना निष्कर्ष दुरुस्त केला. संकट लांबले की हातपाय गाळणे हे आपोआप घडते. आपल्या हाती काही आहे, हे मात्र शिकावे लागते, असे त्यांनी मांडले.

आम्ही भुरीला दोरी लावली नाही, पण हा धडा घेतला. रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला, त्याच दगडावर भाकरी. वेळ चुकवायची नाही. समोर उभे राहायचे नाही, डोळ्याला डोळा द्यायचा नाही. दहा पावलांवर पाठमोरे बसायचे. आमच्या सौ. म्हणाल्या, "तिला बोलावू नका. तिची ती येऊ द्या." तिने यावे की जावे हे तिनेच ठरवायचे. कारकुनाची सवय म्हणून आम्ही वहीत तारखा मांडल्या. एकोणिसाव्या दिवशी आमच्यादेखत तिने भाकरी खाल्ली. दोन महिन्यांनी पोटाखाली दाबलेले शेपूट सैल झाले. लसही तेव्हाच टोचून घेतली.

मग दिवाळी आली. गावात फटाके वाजले आणि भुरी मोरीत गेली ती दोन दिवस बाहेर आली नाही. आता पोते निघणार, असे आम्हांला वाटले. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो, तर मोरीच्या तोंडाशी भाकरी आधीच ठेवलेली होती, आणि त्या मुलाची आई दहा पावलांवर पाठ करून बसली होती. या वेळी भुरीला सावरायला एकोणीस दिवस लागले नाहीत, सहा लागले. पोत्याचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

भुरी आज पूर्ण बरी झाली, असे आम्ही म्हणणार नाही. काठी दिसली की ती अजून दूर होते. पण दूर जाऊन थांबते, मोरीत शिरत नाही. आमच्या मते बरे होणे म्हणतात ते हेच.

आपल्या वस्तीतही अशी भुरी असेल. कुत्र्याचे कान आपल्याहून फार तीक्ष्ण असतात. दिवाळीत फटाके वाजतात, आपल्या जयंतीच्या मिरवणुकीतही वाजतात. त्या रात्री दडलेल्या कुत्र्याला ओढून काढू नका, त्याच्यावर ओरडू नका. त्याला अंधारा कोपरा आणि पळायला वाट मोकळी ठेवा. पोरांना सांगा की जेवणाऱ्या, झोपलेल्या आणि दडलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही. भीती फारच असेल तर जनावरांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. याला पैसा फारसा लागत नाही. वेळेवर एक भाकरी लागते, आणि ती ठेवून दहा पावले मागे सरण्याचा धीर लागतो.