रुसलेला बोल्ट

मंडळी, कोडमधली चूक कंट्रोल-झेड मारून मागे घेता येते, पण बोल्टचं डोकं गोल झालं की संपलंच!

बाबांना सोमवारी घाट उतरायचा होता, ब्रेक पॅड झिजलेले आणि कॅलिपरचा बोल्ट हलेना. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आटे जाम होतात. मग नुसता जोर काय कामाचा?

डिस्कवर थेंब उडू नये म्हणून फडकं लावलं, बोल्टवर पेनिट्रेटिंग ऑइल सोडलं, हातोडीने हलके टोले दिले आणि रात्रभर मुरू दिलं. शेजारी रबर नि ब्रेक ऑइल, म्हणून आच टाळली. रविवारी सहा कोनांचा सॉकेट लावून आधी किंचित आवळला, मग उलटा फिरवला. कट्ट!

बाबा म्हणाले, "सुटला रे!"

असो. दुसरं चाक अजून बाकी आहे.