वळचणीला ठेवलेलं

रायगडातल्या तळा गावाच्या आसपासच्या कुठल्याही जुन्या घराच्या मागच्या पडवीत उभं राहून मान वर करून पाहावं. वाशांच्या फटीत खोचलेल्या बांबूच्या काठ्या, सुंभाची वेटोळी, निकामी झालेलं जू, बिजागरी सुटलेली दाराची फळी, आणि खाली भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या कौलांच्या रांगा. गणपतीला मुंबईहून आलेल्या भाचरांना ती अडगळ वाटते. घर सांभाळणाऱ्या बाईला विचारलं, तर ती एकेका वस्तूचं पुढचं काम सांगते. जू मांडवाला आडवं घालायचं आहे. फळीचं खुराड्याला दार व्हायचं आहे. सुंभ पडवळाच्या वेलाला लागेल. आणि कौलांचं काय विचारता, माकडं पावसाआधी एकदा तरी घरावरून उड्या मारत जाणारच.

मला या वळचणीबद्दल फार आदर आहे. हातात पैसा बेताचा असताना घर उभं करायचं, परस फुलवायचा, तर सगळा भार अशाच साठ्यावर येतो. त्या साठ्यात वस्तूंइतकीच माहितीही ठेवलेली असते. कुठला बांबू कुठल्या बेटात आहे, तो कधी तोडायचा, चांगली माती कुठल्या बांधाला मिळते, आणि गावात वासा कुणाच्या हाताला सरळ बसतो. ही माहिती घरात असली तर थोड्या पैशात पुष्कळ होतं. ती गेली, की रानातला बांबू रानातच राहतो आणि माणूस दुकानात जातो.

तळा लहान तालुका. 1999 पर्यंत तो माणगावातच मोडत होता. डोक्यावर तळगड, पश्चिमेला मांदाडची खाडी, मधे भाताची खाचरं आणि वर नाचणी-वरीचे वरकस माळ. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि शेती बहुतेक एकाच पिकाची. रोख पैसा मुंबईतल्या माणसाकडून यायचा, पूर्वी मनीऑर्डरने, आता मोबाइलवरून. तेवढ्यात दवाखाना, शाळा, सणवार भागवायचे. घर त्यातून उरलेल्या पैशात बांधलं जाई, म्हणजे जवळजवळ पैशावाचूनच. म्हणून इथलं घर पाहताना पाय आपोआप रानाकडे वळतात. प्रत्येक तुकडा कुठून आला ते ओटीवर बसून बोटाने दाखवता येतं.

या साऱ्याची परीक्षा 3 जून 2020 रोजी झाली. निसर्ग चक्रीवादळ त्या दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा, तळा, माणगाव, रोहा हा सगळा पट्टा काही तासांत उघडा पडला. टाळेबंदीचे दिवस. मुंबईहून चाकरमानी गावी आलेले, घरात माणसं नेहमीपेक्षा जास्त, आणि डोक्यावर छप्पर नाही. वीज कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे आली नाही. मृगाचा पाऊस दारात उभा. पंचनामे व्हायचे तेव्हा होणार होते. पत्र्यांचे भाव चढले आणि पुढे दुकानांतले पत्रेच संपले.

त्या दिवसांत पैसा असलेला आणि नसलेला दोघेही एकाच ठिकाणी आले. विकत घ्यायला काही नव्हतं. मग माणसं आधी आपल्याच अंगणात वाकली. कौलं वेचली. पुढचं काम मी फार जवळून पाहिलं आहे. वेचलेलं प्रत्येक कौल एका हातावर तोलून दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने वाजवायचं. खणखणीत बोललं तर ते साबूत. बद्द आवाज आला तर डोळ्याला दिसत नसली तरी आत चीर आहे. मग उलटं करून पाठीवरचा छाप पाहायचा. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला काढला आणि पुढे त्या किनाऱ्यावर असे कितीतरी कारखाने झाले. प्रत्येकाच्या साच्यात थोडा फरक. एका छापाच्या कौलाची खाच दुसऱ्या छापाच्या कौलात नीट बसत नाही, आणि जी फट राहते तिच्यातून आषाढातलं पाणी घरात येतं. म्हणून अंगणात छापांप्रमाणे थप्प्या लागल्या. साबूत आणि एका छापाची कौलं माजघरावर आणि चुलीवर, कानकोपरा उडालेली पडवीवर, दुभंगलेली गोठ्यावर प्लास्टिकखाली. उरलेल्या खापऱ्या न्हाणीच्या वाटेवर चिखलात ठोकल्या गेल्या.

उडालेले पत्रे दुसऱ्यांच्या शेतात सापडले. कुणाचा पत्रा कुठला, हे रंगावरून आणि खिळ्यांच्या भोकांच्या ओळीवरून ओळखून माणसांनी ते एकमेकांच्या दारात आणून टाकले. वाकलेला पत्रा सपाट दगडावर ठेवून लाकडी मोगरीने ठोकला. जुन्या भोकांवर डांबरात बुडवलेले गोणपाटाचे तुकडे बसले. ते तुकडे पुढचे सगळे पावसाळे टिकले.

आणि पडलेली झाडं. खाडीकडच्या वाड्यांमधल्या माडा-पोफळींचं दुःख वेगळं लिहायला हवं. वाढायला वर्षांमागून वर्षं लागलेलं झाड एका दुपारी आडवं होतं, तेव्हा घरातलं कर्तं माणूस गेल्यासारखे लोक गप्प होतात. पण पाऊस थांबत नव्हता, आणि छपराला लाकूड हवं होतं. माडाचं खोड बाहेरून टणक आणि आतून भुसभुशीत असतं. ते उभं चिरून बाहेरची कडक फाळ घेतली, तर वासा होतो. पोफळ चिरली की रिपा निघतात, सरळ आणि हलक्या. आमच्या ओळखीच्या एका आजींनी त्यांच्या मोडलेल्या बागेत उभं राहून मुलाला सांगितलं, "रडतोस काय रे, उभी होती तवर सुपारी दिली, आता रीप देते ती घे." त्या स्वतः रडत होत्याच. मुलाने कोयता घेतला.

शहरात हल्ली टाकाऊतून टिकाऊ असं कौतुकाने म्हणतात. त्यात मला एक उणीव दिसते. हाताशी असलेली वस्तू हाताशी येण्याचीही वेळ असते, आणि ती चुकली तर फुकट मिळालेलं सामान महाग पडतं. बांबूचंच घ्या. पावसाळ्यात कोवळ्या रसाने भरलेला बांबू तोडला, तर वर्षाच्या आत त्याला भुंगेरे लागतात आणि अंथरुणावर पिवळा भुसा पडायला लागतो. त्यांना बांबूतलं पिष्ट हवं असतं. म्हणून दिवाळी उलटल्यावर, तीनेक वर्षांचे जून कळक निवडून तोडायचे, कोवळे बेटात राखायचे, आणि तोडलेले काही आठवडे ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायचे. पिष्ट धुऊन जातं. तोड अंधाऱ्या पंधरवड्यातच करावी असं जाणती माणसं सांगतात. चंद्राचं मला सांगता येणार नाही, पण जून बांबू आणि पाण्यातली मुरवण यांचा गुण छपराखाली बसून पाहिला आहे.

कारवीचंही तसंच. सात-आठ वर्षांनी ती फुलते, डोंगराचा उतारच्या उतार जांभळा होतो, आणि मग ती वाळते. तिच्या सरळ, बोटभर जाडीच्या काठ्यांचा कूड बांधतात. कातकरी वाड्यांवर हे काम अजून पाहायला मिळतं, आणि त्यात त्यांच्याइतकी सफाई मला दुसरीकडे दिसली नाही. काठ्या उभ्या रोवून आडव्या कांबींनी आवळायच्या, मग दोन्ही बाजूंनी माती थापायची. माती वारुळाची असेल तर उत्तम, तिच्यात भाताचं तूस आणि शेण कालवून रात्रभर मुरू द्यायचं. असा कूड उन्हाळ्यात गार राहतो. पावसाची झड मात्र त्याला सोसत नाही. म्हणून छप्पर भिंतीपुढे भरपूर काढायचं, आणि पश्चिमेच्या अंगाला जूनपासून झापांचा आडोसा लावायचा. हल्ली त्या जागी वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स दिसतात, आणि झड ते चांगली अडवतात.

तळगडावर गेलं की हीच रीत दगडात कोरलेली दिसते. तिथे कातळात ओळीने खोदलेली पाण्याची टाकी आहेत. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर टाकं खोदताना निघालेला दगडच तटा-बुरुजांना वापरायचा प्रघात होता. पाणी साठवायला खड्डा झाला आणि भिंतीला दगडही झाला. तळ्याजवळ मांदाडच्या खाडीवर कुड्याची बौद्ध लेणी आहेत, सव्वीस. तिथे तर बाहेरून काही आणलंच नाही, डोंगरातून नको तेवढा काढून टाकला आणि घर उरलं. त्यांच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. त्यांत एक माळी आहे, एक लोखंडाचा व्यापारी आहे. या खाडीकाठी फुलांवर पोट भरणाऱ्या माणसाने जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी साधूंच्या निवाऱ्यासाठी काही बाजूला काढून ठेवलं होतं, हे वाचलं की मला तो माळी शेजारच्या वाडीतला वाटायला लागतो.

परसात तर काहीच वाया जात नाही. न्हाणीचं पाणी केळीला, केळीखालून अळवाला. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीच्या आंबोणात. चुलीची राख वांग्या-मिरचीच्या पानांवर आणि भांड्यांना. खाडीवरच्या कोळ्यांनी टाकून दिलेली नायलॉनची फाटकी जाळी भाजीच्या वाफ्यावर ताणली की कोंबड्या आत येत नाहीत. डुकरांसाठी शेताभोवती जुन्या साड्या बांधतात. पहाटे धुक्यात नाचणीच्या शेताला निळी, शेंदरी, पोपटी किनार लागलेली असते, आणि जाणारी-येणारी बाई थांबून म्हणते, ही वहिनींच्या पाचव्या दिवाळीची.

जुनं ते सगळं चांगलं, असं मात्र मला म्हणायचं नाही. भाताची रोपं करायची तर आधी राब भाजायचा, ही कोकणातली पिढ्यांची पद्धत. ऐनाच्या फांद्या छाटून कवळ आणायचं, पालापाचोळा, शेण, गवत जमिनीवर पसरायचं आणि पेटवून द्यायचं. हाताशी होतं ते वापरलं, हे खरं. पण तो पाला खड्ड्यात कुजवला तर शेताला खत मिळतं आणि डोंगरावरची झाडं वर्षागणिक खुरटत नाहीत. आम्ही राब सोडला आहे. तसेच जुने सिमेंटचे पत्रे. ते कुणी फुकट देत असलं, तरी कापू नयेत, त्यांची धूळ छातीला घातक असते. विजेची वायर जुनी वापरू नये. आणि जोत्यावर काटकसर करू नये. कूड पुन्हा थापता येतो, छप्पर शाकारता येतं, पण जोतं खचलं की सगळंच गेलं. बिजागऱ्या, खिळे, वायर आणि जोत्याचा दगड, वाचवलेला पैसा यासाठीच वाचवलेला असतो.

रिकाम्या गोणीवर माझा फार जीव आहे. सिमेंटची गोणी दुसऱ्याच्या बंगल्यावरून मागून आणता येते. पाऊस ओसरला, ओढा अजून वाहता असला की गोण्यांमध्ये तिथलीच माती आणि वाळू भरायची, तोंडं शिवायची, आणि विटांसारख्या सांधा मोडून प्रवाहात आडव्या रचायच्या. याला वनराई बंधारा म्हणतात. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेल्या मोहन धारियांच्या वनराई संस्थेमुळे हे काम महाराष्ट्रभर पोचलं. एका दिवसात, बायका-मुलांच्या हातांनी, जवळजवळ खर्चाशिवाय बंधारा उभा राहतो. पुढच्या पावसात तो वाहून गेला तरी हरकत नाही. तोवर शेजारच्या विहिरीत पाणी टिकलेलं असतं आणि परसातली भाजी उन्हाळ्यात आणखी काही आठवडे तगलेली असते. भात काढल्यावर जमिनीच्या ओलीवर वाल पेरतात, त्याला या पाण्याचीही गरज नाही, दव पुरतं.

एवढ्या सगळ्यात सर्वांत मोलाचं सामान माणसांचे हात. घर शाकारणं एकट्यादुकट्याचं काम नाही. एक वर, एक शिडीवर, दोघे खाली कौलं द्यायला, आणि एक जाणता दोरी धरून ओळ पाहायला. मजुरी देऊन हे करायचं म्हटलं तर कौलांपेक्षा मजुरीच जड होते. म्हणून सावड. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे, आणि काम संपल्यावर जेवण. हे दिवस वालाच्या शेंगांचे असले तर पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, कांदे-बटाटे, अंडी, वरून पुन्हा पाला. मडकं शेतात उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा-पाचोळा पेटवायचा. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. ओला भांबुर्डा आपल्या वाफेवर सगळं शिजवतो.

सावडीचा हिशेब कुणी वहीत लिहीत नाही, पण तो चुकत नाही. गेल्या मेमध्ये आमच्या पडवीवर पाच घरांतली माणसं चढली होती. येत्या शाकारणीला पहिली पाळी पलीकडच्या आळीतल्या काकूंच्या गोठ्याची आहे. त्यांचे दोन वासे किडले आहेत. ओढ्यात दाबलेल्या आमच्या बांबूंपैकी चांगले दोन त्यांना काढून ठेवलेत, रिपा त्यांच्याकडे आहेत, आणि खिळे कोण आणणार ते अजून ठरायचं आहे.