काय पाहायला गेलो होतो आम्ही?



आम्हा बेळगावच्या एफसी गोवावाल्यांचा २०२५ चा मोसम सुरू होऊनही सुरू झाला नव्हता. एरवी सप्टेंबर-ऑक्टोबरात आयएसएल लागते. त्या वर्षी आगमनकाळाचा तिसरा रविवार आला, तरी लीगची तारीख नव्हती. फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांचा करार ८ डिसेंबरला संपला. काही क्लबांनी तर आधीच पगार थांबवले होते. आमच्या धर्मग्रामातला एक मुलगा अकरावी सांभाळून रोज पहाटे मैदानावर जातो. त्याची आई मिस्सानंतर आम्हाला विचारते, "मोठ्या खेळाडूंचीच ही गत, तर ह्याचं काय हो?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

लीग नव्हती, पण आशियाई स्पर्धा होती. ऑगस्टमध्ये ओमानच्या अल-सीबला २-१ हरवून गोवा गटात पोचला आणि गटात निघाला रियाधचा अल-नस्र! मग काय, रोनाल्डो फातोर्ड्याला येणार म्हणून अख्खा युवक मंच चोर्ला घाट उतरायला तयार. आयुष्यात कधी गोव्याचा सामना न पाहिलेलेसुद्धा. २२ ऑक्टोबर, दिवाळी पाडवा, सुट्टीच होती. रोनाल्डो आला नाही. अर्ध्यांची तोंडे तिथेच उतरली. आमच्या मते मात्र सामना झकास झाला. दोन गोल खाल्ल्यावर ब्रायसन फर्नांडिसने, गोव्याच्याच पोराने, मध्यंतराआधी एक परत केला. हरलो १-२. त्याआधी अल-झवराकडून ०-२, इस्तिक्लोलकडून ०-२. नंतर रियाधला ०-४.

मग ७ डिसेंबर. त्याच फातोर्ड्यावर सुपर कपचा अंतिम सामना, समोर ईस्ट बंगाल. १२० मिनिटांत गोल नाही, पेनल्टीवर ६-५. कप गोव्याकडेच राहिला. ज्यांना रोनाल्डो हवा होता त्यांच्यापैकी किती जणांनी हा सामना पाहिला, ते आम्ही मोजले नाही. (मोजायचा मोह झाला होता.)

त्या रविवारच्या शुभवर्तमानात योहान तुरुंगात आहे. येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी, असे तो निरोप पाठवून विचारतो. येशू त्याला सुटकेची तारीख देत नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, एवढेच कळवतो. आणि लोकांकडे वळून विचारतो की रानात तुम्ही काय पाहायला गेला होता, तलम वस्त्रे घातलेला माणूस? धर्मशिक्षणाच्या वर्गात हे वाचले, तेव्हा मागच्या बाकावरून "अल-नस्र!" असा आवाज आला. सगळे हसले. पहाटे मैदानावर जाणारा तो मुलगा हसला नाही. त्याने विचारले, "योहानाला निरोप पोचल्यावर बरं वाटलं असेल का?" शुभवर्तमानात ते लिहिलेले नाही, असे आम्ही त्याला सांगितले. तुला काय वाटते, हेही विचारले. तो म्हणाला, "रात्री झोप लागली असेल."

मग २४ डिसेंबरला इस्तिक्लोल फातोर्ड्याला येणार होता. गटातून पुढे जाण्याची आशा उरलेली नव्हती, तरी चौघे जाऊ म्हणत होते. त्यातले दोघे गायकवृंदात होते आणि घाट चढून मध्यरात्रीच्या मिस्साला पोचणे काही जमणारे नव्हते. फादरांनी गोठ्याच्या रोषणाईचे काम त्या दोघांवर टाकले. गोठ्यामागे मोबाइल चालू असेल, हे त्यांनाही ठाऊक होते.