खिशातला फ्यूज



'परदेशातला एखादा अनुभव लिहून पाठवा,' असे बाईंचे पत्र आले, तेव्हा पहिल्यांदा आठवले ते बर्फ, तिथल्या बागा आणि ग्रंथालये. पण लिहायला बसलो आणि डाव्या हाताच्या वाकड्या बोटाकडे लक्ष गेले. म्हणून अनुभव या बोटाचाच सांगतो.

मी १९८९ साली आपल्या शाळेतून दहावी झालो. वडील बडोद्यातल्या एका कापडगिरणीत फिटर होते. आजोबा सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेल्या कलाभवनात शिकलेले. त्यामुळे हत्यारांची पेटी आमच्या घरात देव्हाऱ्याइतकीच मानाची. पुढे नोकरीनिमित्त मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ राहू लागलो आणि तिथे एक जुनी गाडी घेतली, मझदा एमएक्स-५. दोन माणसांची, उघड्या टपाची. मी दहावी झालो त्याच वर्षी, फेब्रुवारीत, शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी जगाने पहिल्यांदा पाहिली. माझी गाडी त्यानंतर दोन वर्षांनी बनलेली.

या गाडीची गंमत तिच्या दिव्यांत आहे. दिवसा ते बॉनेटमध्ये झाकलेले असतात. बटण दाबले की बेडकाने पाण्यातून डोळे वर काढावेत तसे दोन्ही दिवे वर येतात. गाडीचे नाक बसके असले की वारा कमी अडतो. पण रस्त्याच्या नियमांप्रमाणे दिवे जमिनीपासून ठरावीक उंचीवर असावे लागतात. या दोन्हींचा मेळ घालायला ही युक्ती. अमेरिकेतल्या १९३६ च्या कॉर्ड ८१० गाडीत तर चालक आतून हाताने मूठ फिरवून दिवे वर काढत असे. पुढे हव्या त्या आकाराचे दिवे बनू लागले, पादचाऱ्यांच्या सुरक्षेचे नियमही कडक झाले, आणि ही पद्धत मागे पडली. कॉर्व्हेटची पाचवी पिढी आणि लोटस एस्प्रि या गाड्या २००४ मध्ये बंद झाल्या, तेव्हा मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाड्यांतून असे दिवे गेले.

माझ्या गाडीत प्रत्येक दिव्याला वेगळी मोटार आहे. मोटारीला वर्म गिअर, त्याला एक दांडा, आणि दांड्याला दिव्याची चौकट. वर्म गिअरची खोड अशी, की मोटार दिव्याला हलवू शकते, पण दिवा मोटारीला हलवू शकत नाही. बाहेरून कितीही ढकला, दिवा जागचा हलायचा नाही. हे मला पुस्तकातून माहीत होते. बोटाला ते २०१६ च्या नोव्हेंबरात कळले.

तिथे जुन्या गाड्यांची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते. ती जवळ आली होती. उजवा दिवा जरा रेंगाळत वर येई, म्हणून रविवारी सकाळी सांध्यांना ग्रीस लावायला घेतले. नऊ वर्षांची लेक मदतीला होती. ती चालकाच्या जागेवर बसली. मी म्हणेन तेव्हा तिने बटण दाबायचे. गाडीची किल्ली माझ्या खिशात होती. किल्ली खिशात म्हणजे गाडी बंद, असा माझा भाबडा समज. वास्तविक या दिव्यांना वीज थेट बॅटरीतून मिळते. किल्ली असो वा नसो, बटण दाबले की दिवा हलणारच.

दिवा वर होता. दांड्यामागे ग्रीस पोचत नव्हते, म्हणून मी डाव्या हाताची दोन बोटे आत घातली आणि ओरडलो, "आता दाबू नकोस हं!" बाहेर वारा, तिच्या कानावर लोकरीची टोपी. तिला ऐकू आले, "आता दाब".

दिवा खाली आला आणि बोटांवर थांबला. मोटार अडली तरी जोर लावतच होती. मी कळवळून ओरडलो, "परत दाब!" पण माझा चेहरा आणि तो आवाज पाहून पोर घाबरली आणि रडत घरात पळाली. बायको धावत आली, तिने बटण दाबले, दिवा वर गेला. इस्पितळात कळले, एका बोटाचे हाड मोडले होते आणि दुसऱ्याचे नख गेले होते.

बोट महिन्याभरात जुळले, थोडे वाकडे. पण त्या वेदनेच्या भरात माझ्या तोंडून एक वाक्य गेले होते, "तुला सांगितलं होतं ना, दाबू नकोस म्हणून!" ते काही जुळून येईना. लेक माझ्या हाताकडे बघायची नाही. घरातले दिव्याचे बटणसुद्धा ती दाबेना; खोलीत अंधार असला तरी आईला हाक मारायची.

वडिलांना फोन केला. वाटले, हाताची चौकशी करतील. त्यांनी विचारले, "फ्यूज कुठे होता?"

मी म्हणालो, "पेटीत."

"खिशात का नव्हता?"

मग मला आठवले. गिरणीत यंत्राला हात लावण्याआधी वडील त्याचे चिनी मातीचे तिन्ही फ्यूज काढून खाकी शर्टाच्या खिशात टाकत. एकदा ते तसेच घरी आले होते, आईने शर्ट भिजवायला घेतला तेव्हा सापडले, आणि तोवर गिरणीतून माणूस सायकलवरून दारात हजर! आम्ही भावंडे त्यावर कितीतरी दिवस हसत होतो.

त्या दिवशी फोनवर त्यांनी मला त्यामागची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. ते नवीन असताना कार्डिंग खात्यात एकाचा हात यंत्रात होता आणि दुसऱ्याने, काम झाले असे समजून, यंत्र सुरू केले. वडील म्हणाले, "ज्याचा हात गेला त्याला सगळ्यांनी सावरलं. ज्यानं बटण दाबलं त्याच्याशी कोणी धड बोललं नाही. महिन्याभरात तो नोकरी सोडून गेला. चूक त्याची नव्हती. फ्यूज जागेवर ठेवणाऱ्याची होती. मी फ्यूज खिशात ठेवायचो तो माझ्या हातासाठी नाही रे. दुसऱ्या कुणाच्या हातून असं होऊ नये म्हणून." आणि थोडे थांबून, "पोरीला सांग, चूक तुझी होती."

मी तिला समोर बसवून तसे सांगितले. बापाने लेकीची माफी मागायला जरा जड जाते, पण मागितली.

पट्टी सुटल्यावर ते काम आम्ही दोघांनी पुन्हा केले, या वेळी रीतीने. आधी बटणाने दिवे वर घेतले आणि काचा निवू दिल्या. बॉनेटखालच्या पेटीतून या मोटारींचा फ्यूज काढला. डिकीतल्या बॅटरीची ऋण तार दहा नंबरच्या पान्याने सोडवून बाजूला बांधली. मग बटण दाबून पाहिले. दिवा हलला नाही. ही खात्री केल्याशिवाय आत बोट घालायचे नाही. दिवा वरखाली करायचा झाला तर मोटारीवरची रबरी टोपी काढून खालची मूठ हाताने फिरवायची, आणि तेव्हाही दुसरा हात बाहेर. काम संपल्यावर हत्यारे मोजली, दोघांचे चारही हात बाहेर आहेत हे पाहिले, आणि मगच तार आणि फ्यूज परत बसवला.

हा सगळा वेळ फ्यूज लेकीच्या खिशात होता. तो परतही तिनेच बसवला, आणि बटण दाबायच्या आधी मोठ्याने विचारले, "बाबा, हात दाखवा!" मी दोन्ही हात वर केले. तिने बटण दाबले.

एक सांगायला हवे. प्रत्येक यंत्राचा जोर विजेतच असतो असे नाही. १९६८ ते १९८२ च्या कॉर्व्हेट गाड्यांत हे दिवे इंजिनाच्या निर्वातावर चालत. तिथे नुसती बॅटरी सोडवून भागत नाही. म्हणून हात घालण्यापूर्वी आधी विचारावे, हे हलते कशाच्या जोरावर? आणि तो जोर आत्ता कुणाच्या ताब्यात आहे?

मित्रांनो, असे दिवे असलेली गाडी तुमच्या गल्लीत बहुधा नसेल. पण मिक्सर आहे, टेबलफॅन आहे, आईचे मोटार लावलेले शिवणयंत्र आहे. त्यांना हात लावण्याआधी नुसते बटण बंद करू नका. प्लग काढा आणि आपल्या डोळ्यांसमोर ठेवा. आणि पालकहो, मुलांना मदतीला जरूर घ्या. पण आपल्या बोटांची जबाबदारी त्यांच्या कानांवर टाकू नका.

वडील आता थकले आहेत. दर रविवारी फोनवर नातीला पहिला प्रश्न तोच असतो, "फ्यूज कुठे आहे?" आणि ती, हातात काहीही काम नसले तरी, ठरलेले उत्तर देते, "खिशात, आजोबा."